पेपर होईपर्यंत

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एखाद्या जुन्या बिल्डिंगीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत कुणी घाबरून दार बडवू लागलं, की वॉचमन पहिला फोन गुणाजी घाडीगावकरला करायचा. कंपनीत त्याच्याहून हुशार मेकॅनिक होते, पण गुणाजीसारखा आवाज कुणाकडे नव्हता. दाराच्या फटीला तोंड लावून तो म्हणायचा, "घाबरू नका ताई, झालंच. दोन मिनिटं." मोटर जळलेली असो नाहीतर अख्ख्या गल्लीची वीज गेलेली असो, गुणाजीची दोन मिनिटं ठरलेली. पुढे पाऊण तास लागला तरी आतलं माणूस शांत बसून राहायचं. बाहेर आल्यावर लोक त्याचा हात हातात घ्यायचे, चहा पाजायचे. आयुष्य असंच गेलं की माणसाला वाटू लागतं, खरं सांगण्यापेक्षा धीर देणं मोठं. कामावर ते खरंही होतं. पण ही सवय बुटांबरोबर दाराबाहेर काढून मग घरात पाऊल टाकायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं असतं असं नाही.

घर भांडुपला, टेकडीवरच्या चाळीत. वडील धोंडिराम, सगळ्यांचे तात्या, गिरणीत होते. गिरणी गेली तेव्हा त्यांनी हातपाय गाळले नाहीत. कुठे वॉचमनकी केली, कुठे पेपर टाकले, आणि शेवटी नातीला शाळेत सोडायची आणि आणायची नोकरी पत्करली. ही नोकरी त्यांनी सगळ्यात मन लावून केली. नात दहावी झाली तसे ते कणकवलीजवळच्या गावी जाऊन राहिले. तिथे थोरला मुलगा अंबादास होता, गाय होती आणि भांडायला शेजारी होते. म्हातारपणाला याहून जास्त काय लागतं?

नात श्रुतिका. बीकॉम झाली, मुलुंडच्या एका ऑफिसात दोन वर्षं कॉम्प्युटरसमोर बसली, आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली, "पप्पा, मला एमबीए करायचंय. चांगल्या कॉलेजातून. त्यासाठी कॅट द्यायला लागेल. नोकरी सोडू का?"

तिची आई सुगंधा म्हणाली, "नोकरी करत करत नाही होणार?"

गुणाजी म्हणाला, "सोड." त्याला कॅट म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पण ज्या बिल्डिंगींच्या लिफ्ट तो दुरुस्त करायचा त्यांच्या वरच्या मजल्यांवर काचेच्या केबिनींत कोण बसतं, ते त्याला चांगलं माहीत होतं.

घाटकोपरला क्लास लावला. क्लासवाल्यांनी एकदा पालकांना बोलावलं. तिथे एक समुपदेशक बाई होत्या, बोलायला गोड. त्या म्हणाल्या, "ही परीक्षा नुसती डोक्याची नाही, शरीराची आणि मनाचीही आहे. मुलांची झोप सांभाळा, जेवण सांभाळा, रोज थोडं चालू द्या. आणि मुख्य म्हणजे घरातलं वातावरण शांत ठेवा. घरच्या काळज्या त्यांच्या डोक्यावर टाकू नका." बाकीचे पालक मान डोलवून घरी गेले आणि विसरले. गुणाजी विसरला नाही. त्याला आपल्या ओळखीचं काम मिळालं होतं.

झालं, दुसऱ्या दिवसापासून घराचं इस्पितळ झालं. सकाळी भिजवलेले बदाम. मग सूर्यनमस्कार, ते गुणाजीने स्वतः समोर उभं राहून तिच्याबरोबर घालायचे, आणि तिसऱ्यालाच त्याची कंबर धरायची. टीव्ही बंद. कुकरच्या शिट्ट्या श्रुतिका अंघोळीला गेली की त्या वेळात. चाळीत एका लग्नाची हळद होती, तिथे जाऊन तो बँडवाल्यांना हळू वाजवा म्हणून सांगून आला. श्रुतिका हसायची. "पप्पा, मी परीक्षेला बसतेय, आयसीयूत नाही."

तिचं स्वतःचं औषध वेगळंच होतं. ऊन उतरलं की ती पायांत चपला अडकवून टेकडीच्या रस्त्याने वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जायची आणि जाताना तात्यांना फोन लावायची. अभ्यासासाठी तिने व्हॉट्सॲप, इन्स्टा सगळं फोनमधून काढून टाकलं होतं. एवढा एक फोन मात्र चुकायचा नाही. तात्या काही ज्ञानाच्या गोष्टी सांगत नसत. ते विचारायचे, "काय गो बाय, जेवलंस?" आणि मग गायीची तक्रार सुरू. "आमच्या गायीन आज परबाची केळ खाल्ल्यान. आता तो माझ्याशी बोलणा नाय." पोरगी रस्त्यात एकटीच खदखदून हसायची. घरी यायची तेव्हा गाल लाल झालेले असायचे आणि भूक लागलेली असायची. गणपतीत अभ्यासामुळे ती पहिल्यांदाच गावी गेली नाही. तात्यांना वाईट वाटलं, पण म्हणाले, "परीक्षा झाली की ये. गणपती काय, मी हंयच आसंय." मॉक टेस्टचे आकडे चढत होते. सगळं झकास चाललं होतं.

दसरा झाला आणि पाठोपाठ अंबादासचा फोन आला. गुणाजी तेव्हा एका बिल्डिंगीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनरूममध्ये होता. "गुणा, तात्या गेले रे. सकाळी गोठ्यातून येऊन खाटेवर बसले नि बसलेले तसेच." मशीनरूममध्ये मोटरचा आवाज एवढा असतो की शेजारचं माणूस ओरडलं तरी ऐकू येत नाही. गुणाजी तिथे, ग्रीसच्या डब्यावर बसून, पोटभर रडला. मग तोंड धुतलं. आणि खाली उतरता उतरता त्याने ठरवलं, पोरीला सांगायचं नाही. पेपर होईपर्यंत नाही.

सुगंधा म्हणाली, "वेड लागलंय का तुम्हाला? तिचे तात्या ते. तिला न्यायला पाहिजे."

"नेलं तर महिना गेला तिचा. तात्यांना काय वाटलं असतं? त्यांना तिचा पेपर नको होता? त्या मॅडम काय म्हणाल्या, आठवतंय ना? पेपर झाला की मीच सांगतो. तोपर्यंत तू तिच्याजवळ थांब."

"मी थांबू? मी सून आहे त्यांची. सून मयताला नाही गेली तर लोक काय म्हणतील?"

"लोकांना पेपर द्यायचा नाही."

सुगंधा थांबली. ज्या सासऱ्यांना तिने वीस वर्षं गरम भाकरी वाढली, त्यांचं तोंड तिला शेवटचं पाहता आलं नाही. गावात बायकांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. तिने ते गुणाजीला कधी ऐकवलं नाही, आणि ऐकवलं नाही म्हणूनच ते त्याला जास्त लागतं.

श्रुतिकाला सांगितलं, पप्पा कंपनीच्या ट्रेनिंगला कोल्हापूरला गेलेत. चाळीच्या तोंडाशी मंडळाचा काळा फळा आहे. चाळीतलं कुणी गेलं, मग ते गावाला गेलेलं असलं तरी, त्याचं नाव खडूने त्यावर लिहितात आणि पोरंटोरंही तिथून जाताना आवाज खाली आणतात. तात्या त्या मंडळाचे जुने कार्यकर्ते. तो फळा त्यांनीच एका जुन्या दाराच्या फळीचा करून घेतला होता. गुणाजीने एसटीतूनच मंडळाला फोन केला, तात्यांचं नाव लिहू नका. अख्ख्या चाळीला शपथा घातल्या. माणसं चांगली, त्यांनी शब्द पाळला. पण तोंड बंद ठेवता येतं, डोळे बंद ठेवता येत नाहीत. श्रुतिका जिन्यावरून उतरली की बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या आणि तिच्याकडे कळवळून पाहायच्या. शेजारची कमलमावशी तर तिला पाहिलं की पदर डोळ्यांना लावायची आणि म्हणायची, "कांदा चिरत होते गं." श्रुतिकाला वाटायचं, या सगळ्यांना आपल्या परीक्षेची एवढी काळजी?

तेरावं उरकून गुणाजी परत आला, आणि इथे त्याचा खरा घोटाळा झाला. डोक्याचा चकोट, आणि मिशी गेलेली. कोकणातल्या माणसाला दुसरं काही सांगायला लागत नाही. बाप असेपर्यंत तिकडे कुणी मिशीला वस्तरा लावत नाही. गुणाजीची मिशी तर चांगली झुपकेदार, लग्नाच्या फोटोतही बायकोच्या आधी तीच दिसते. पण श्रुतिका भांडुपची पोर, तिला या गोष्टी कोण सांगणार? सांगणारा एकच होता आणि तो गेला होता.

ती दारातच ओरडली, "पप्पा! हे काय केलंत?"

गुणाजीने प्रवासात काहीतरी जुळवून ठेवलं होतं. तो म्हणाला, "नवस होता. कोल्हापूरहून तिरुपतीला जाऊन आलो, कंपनीतली माणसं चालली होती. तुझ्या पेपरसाठी बोललो होतो."

"माझ्यासाठी? मिशीसुद्धा?"

"मिशीसुद्धा."

"मग प्रसादाचा लाडू कुठंय?"

"गाडीत वाटला," गुणाजी म्हणाला, आणि हातपाय धुवायला मोरीत गेला.

त्याला वाटलं, सुटलो. पोरगी मात्र तिथेच उभी होती. तिच्या बापाने आयुष्यात कधी कुणासाठी नवस केला नव्हता. देवाला हात जोडायचा तोही घाईत, बूट घालता घालता. अशा माणसाने आपल्यासाठी डोकं आणि मिशी दोन्ही दिली. आता मार्क कमी पडून चालणार कसं? ती वळली आणि पुस्तक उघडून बसली. त्या दिवशी ती चालायला गेली नाही.

पुढे दिवाळी आली. वर्ष दुखवट्याचं, म्हणून घरात सण नाही. दारात कंदील नाही, फराळ नाही, देवापुढे फक्त एक निरांजन. श्रुतिकाने विचारलं, तेव्हा सुगंधाने गुणाजीकडे पाहिलं. गुणाजी म्हणाला, "यंदा नको. तुझा अभ्यास आहे. पुढच्या वर्षी कॉलेजात जाशील तेव्हा दोन दिवाळ्या करू." कमलमावशीने चकल्यांचं ताट आणून दिलं. म्हणजे बापाची मिशी गेली होती, आता आईची दिवाळीही गेली. दुखवट्याची एकेक खूण गुणाजी झाकत गेला आणि झाकण म्हणून दर वेळी पोरीची परीक्षाच वापरत गेला. घरात जे जे उणं झालं ते ते तिच्या नावावर चढलं. त्याला हे दिसत नव्हतं असं म्हणवत नाही. त्याला दिसायचं, पण दोन मिनिटांचाच तर प्रश्न होता.

आणि फोन. तात्या फोन उचलत नाहीत म्हणून ती कासावीस व्हायची. पहिल्यांदा सांगितलं, त्यांचा फोन गोठ्यातल्या बादलीत पडला. मग म्हणे गावात रेंज नाही. मग ती म्हणाली, "अंबादासकाकांच्या फोनवरून द्या ना." अंबादासला खोटं बोलता येत नाही, तो फोनवर रडेल, हे गुणाजीला माहीत होतं. तेव्हा त्याने शेवटची थाप मारली. "अगं, तात्यांनीच सांगितलंय. म्हणाले, पोरीला म्हणावं परीक्षा होईपर्यंत मला फोन करू नको. तुझा वेळ जातो."

"तात्या असं म्हणाले?"

"हो."

"रागावलेत का? मी गणपतीला नाही गेले म्हणून?"

गुणाजी म्हणाला, "छे गं, रागावतील कशाला." यातलं शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं आणि श्रुतिकाचा नेमका त्याच्यावर विश्वास बसला नाही.

तिने विचारायचं बंद केलं. संध्याकाळी टाकीपर्यंत जायचंही बंद केलं. कुणाशी बोलत चालणार? दिवसभर खुर्चीत. जेवण अर्धं ताटात राहायचं, पोटात जळजळ व्हायची, केस विंचरले की पुंजका हातात यायचा. मॉकचे आकडे घसरले. गुणाजीने काय करावं? बदाम वाढवले. शंखपुष्पीची बाटली आणली. मोबाईलवर प्राणायामाचा अलार्म लावला. पोरगी बिचारी सगळं गिळायची आणि डोळे मिटून श्वास आत घ्यायची, बाहेर सोडायची.

शेवटी सुगंधा तिला स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, गुणाजीही गेला. डॉक्टर जुने, तात्यांना ओळखणारे नव्हते एवढंच बरं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, नाडी पाहिली. मग श्रुतिकाला बाहेर बसवलं आणि विचारलं, "हिच्या अंगात काही नाही. ही कसली तरी धास्ती घेऊन बसलीय. घरात काही झालंय का?"

सुगंधाने तोंड उघडलं. गुणाजी तिच्याआधी बोलला, "नाही डॉक्टर. सगळं व्यवस्थित आहे. पेपर जवळ आलाय, एवढंच."

त्या लाकडी बाकड्यावर गुणाजी आजही मनाने अनेकदा जाऊन बसतो. तिथे एक वाक्य बोलायचं होतं. समोर शहाणा माणूस होता, शेजारी बायको होती, दाराबाहेर पोरगी होती. रडली असती, दोन दिवस जेवली नसती, गावाला चल म्हणाली असती. आणि मग? मग उठून अभ्यासाला बसली असती, नाहीतर नसती बसली. पण तिला कळलं असतं की आपले तात्या आपल्यावर रागावलेले नाहीत. डॉक्टरांनी पोटाच्या गोळ्या लिहून दिल्या.

नोव्हेंबर संपता संपता पेपर झाला. केंद्र अंधेरीलाच होतं, गुणाजीच्या रोजच्या भागात. तो गेटसमोरच्या फुटपाथवर केळी आणि पाण्याची बाटली घेऊन उभा राहिला. मनात तो सांगायचं कसं याची उजळणी करत होता. घरी जाऊ, जेवू, मग तिला जवळ बसवू आणि सांगू, असं त्याने ठरवलं होतं. तात्यांचा एक फोटोही त्याने मोठा करून आणून कमलमावशीकडे ठेवला होता.

मुलं बाहेर आली. कुणी हसत, कुणी फोनवर बोलत. श्रुतिका सगळ्यात मागून आली. चेहरा पांढराफटक. तिने केळं घेतलं नाही.

"पप्पा, वाट लागली. पहिल्याच सेक्शनला एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचत होते. अक्षरं दिसत होती, कळत काही नव्हतं. हात बधिर झाले. सॉरी, पप्पा. तुमचा नवस फुकट गेला."

मुलगी बिघडलेल्या पेपरासाठी रडत नव्हती, बापाच्या डोक्यावरच्या जेमतेम उगवलेल्या केसांकडे बघून रडत होती.  गुणाजी म्हणाला, "जाऊ दे गं. जाऊ दे. चल घरी."

तिने डोळे पुसले, पिशवीतून फोन काढला आणि नंबर लावला. "आता तर चालेल ना? आता परीक्षा झाली. तात्यांना सांगते, तुम्हीच बोलू नका म्हणालात, म्हणून माझी अशी अवस्था झाली." ती थोडी हसलीसुद्धा. फोन कानाला लावून थांबली. "बंद येतोय. अजून दुरुस्त नाही केला?"

गुणाजीकडे अजूनही एक थाप होती. ती त्याच्या ओठांवर आलीही. पण तिने इतक्या आशेने फोन धरला होता, की आयुष्यात पहिल्यांदा त्याला दोन मिनिटं म्हणवेना.

"तात्या नाहीत गं, बाळा," तो म्हणाला.

रिक्षा जात होत्या, मुलांचे आईबाप त्यांना बिस्किटं भरवत होते. श्रुतिकाने फोन कानावरून खाली घेतला.

"कधी?"

"दसऱ्यानंतर लगेच."

 तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मॉक टेस्टमध्ये करायची तसं ती एकेक गोष्ट जागेवर लावत होती. "म्हणजे कोल्हापूर नव्हतं."

"नाही."

"आणि केस... तिरुपती..."

"नाही."

"दिवाळी?"

"दुखवटा होता."

"आणि तात्या म्हणाले, मला फोन करू नको म्हणून. ते?"

गुणाजीने मान खाली घातली. "ते मी."

"पप्पा, मला वाटलं ते माझ्यावर रागावलेत," ती म्हणाली. "मी रोज त्यांची माफी मागायचे. मनातल्या मनात. आजसुद्धा पेपरच्या आधी मागितली."

 गुणाजी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेला, ती बाजूला झाली. रागाने नाही, सहज, वाटेत अनोळखी माणूस आला तर आपण होतो तशी.

घरी आल्यावर ती थेट मोरीत गेली आणि डोक्यावरून गार पाणी घेतलं. केस न पुसता बाहेर येऊन तिने कमलमावशीला विचारलं, "मावशी, उशिरा कळलं तर सुतक कधीपासून धरतात?"

कमलमावशी म्हणाली, "कळल्यापासून, बाय. तीन दिवस."

श्रुतिकाने चटई अंथरली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. अख्खं घर आणि अख्खी चाळ ज्या दुःखातून केव्हाच बाहेर आली होती, त्यात ती एकटी आत्ता शिरत होती. सुगंधा तिच्याजवळ जाऊन बसली. बसल्या बसल्या तिचाही बांध फुटला, कारण सासऱ्यांसाठी मोठ्याने रडायला तिलाही अजून मिळालं नव्हतं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. गुणाजी दारात उभा होता. त्याला आत ये असं कुणी म्हटलं नाही. नको असंही कुणी म्हटलं नाही, पण त्याचे पाय उचलले नाहीत.

चौथ्या दिवशी श्रुतिका एकटी गावाला जाऊन आली. तिथे काय केलं, काय नाही, ते तिने सांगितलं नाही. आल्यावर म्हणाली, "मार्चमध्ये सीईटी आहे, ती देणार. बदाम नकोत, अलार्म नको. घरात जे होईल ते मला सांगायचं. चांगलं, वाईट, सगळं. तेवढं झालं तर मी बरी राहीन." गुणाजीने कबूल केलं. त्याने ते पाळलं, अगदी मनापासून पाळलं. कामावर बोटाला कापलं तरी घरी येऊन आधी तिला दाखवायचा. ती पाहायची, "ठीक आहे" म्हणायची आणि पुस्तकात डोकं घालायची. संध्याकाळी टाकीपर्यंत चालत जायची, कुणालाच फोन न लावता. पोट बरं झालं. केस गळायचे थांबले. सीईटीत मार्क चांगले पडले आणि नागपूरला एका कॉलेजात प्रवेश मिळाला, हॉस्टेलसकट. चाळीने पेढे खाल्ले. गुणाजीची मिशी पुन्हा पहिल्यासारखी झाली. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, सगळं छान झालं.

नागपूरहून तिचा रोज संध्याकाळी फोन येतो. तेवढ्यासाठी गुणाजी कामावरून लवकर सुटायला बघतो. ती विचारते, "सगळे बरे आहेत?" गुणाजी म्हणतो, "एकदम मस्त." ती म्हणते, "आईला द्या." सुगंधा बोलते, हसते, काय शिजवलं ते सांगते, तेव्हा कुठे पोरीचा आवाज मोकळा होतो. मग ती बापाशी कॉलेजचं बोलते. गुणाजीला सुरुवातीला वाटायचं, लेकीला आईची ओढ जास्त. तेवढं तो स्वतःला पटवू शकत होता.

परवा फोन आला तेव्हा सुगंधा बाजारात गेली होती, मोबाईल घरीच विसरून.

"आईला द्या."

"अगं, ती भाजी आणायला गेलीय. येईल एवढ्यात."

पलीकडे एकदम शांत झालं. गुणाजीला हॉस्टेलच्या कॉरिडॉरमधली कुणाची तरी हाक ऐकू आली, दार आपटल्याचा आवाज आला.

"श्रुतू, खरंच गं. भाजीला गेलीय."

"हो, पप्पा," ती म्हणाली. "मी थांबते. फोन ठेवू नका."

गुणाजीने फोन कानाला तसाच धरून ठेवला. बोलण्यासारखं त्याच्याकडे खूप होतं, पण आता त्यातलं काही तिच्या कामाचं नव्हतं. तो दारात जाऊन उभा राहिला आणि जिन्यावर बायकोची पावलं वाजतात का ते ऐकू लागला. पलीकडे लेकही गप्प उभी राहून तेच ऐकत होती.